गुरुवारची सही

१० सप्टेंबर, रविवार

वेंडेल,

पाकिटावर तुझ्या नावाआधी डॉक्टर लिहावं की नाही, यातच माझी सकाळ गेली. लिहिलं तर तुला वाटेल म्हातारा टोमणा मारतोय. नाही लिहिलं तर वाटेल, अजून अढी धरून बसलाय. शेवटी लिहिलं. टोमणा नाही. पत्ता ट्वायलाच्या ख्रिसमस कार्डांच्या डब्यातून घेतला, तिला न विचारता. तू घर बदललं असशील तर हे पत्र परक्याच्या हातात पडायचं, म्हणून आधीच लिहून ठेवतो: ज्याला मिळेल त्याने कृपा करून परत पाठवावं, आत घरचं आहे.

इकडे सगळं ठीक. कापसाची बोंडं फुटलीत, सरकी काढायच्या जिनवर गाठी यायला लागल्या. नवा फोरमन मला दारात खुर्ची टाकून देतो आणि म्हणतो, "ओडेलकाका, बसा आणि आम्हाला शिव्या द्या, त्याशिवाय मशिनं नीट चालत नाहीत." संध्याकाळी बूट काढताना त्रास होतो. पाय वर घेऊन आरामखुर्चीतच झोपतो, आडवं होण्यापेक्षा ते बरं वाटतं. वय झालं, दुसरं काही नाही.

तर काम असं आहे की तुझ्या बहिणीच्या दवाखान्यासाठी तुझी एक सही हवी आहे.

नियम तुला मी काय सांगणार. आपल्या राज्यात नर्स कितीही शिकली, औषध लिहून द्यायची परीक्षा कितीही चांगली पास झाली, तरी तिच्या दवाखान्यावर एका डॉक्टरचा करार लागतो. डॉक्टरने ठरल्या दिवशी यायचं, तिने तपासलेल्या काही लोकांचे कागद वाचायचे, खाली सही करायची, आणि ती अडली तर फोनवर सापडायचं. एवढं झालं की ती कायद्यात बसते. करार गेला की तिचा हात बांधला. मग समोर माणूस तडफडत असला तरी तिने त्याला तपासायचं नाही, साधं ब्लडप्रेशरचं औषधही लिहून द्यायचं नाही. हा नियम काढायचा म्हणून मागे राजधानीत सभा झाली, तेव्हा तू आमदारांसमोर उभा राहून बोललास. ट्वायलाने ते दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवर लावलं होतं. "रुग्णाच्या डोक्यावर डॉक्टरची नजर हवीच," असं तू म्हणालास. टाय चांगला दिसत होता. तुझ्या आईने घेतलेला तोच का तो?

त्यानंतर नोव्हेंबरात जेवायच्या टेबलावर मी जे बोललो, त्यात आज शिरत नाही.

डॉक्टर टर्नबो ट्वायलाच्या करारावरचे डॉक्टर आहेत, हे तुला माहीत आहे. तू जन्मलास तेव्हा तुला उलटं धरून रडवलं ते हेच. ते आता जरा थकलेत. बाकी ठणठणीत आहेत. पण माणूस थकला तर पुढची सोय असावी, म्हणून मला वाटलं की तुला विचारावं. दुसरे एक डॉक्टर राखीव म्हणून कागदावर होते, ते वसंतात टेक्ससला गेले.

ट्वायलाला हे पत्र माहीत नाही. तिला विचारलं तर म्हणते, "डॅडी, डॉक्टर टर्नबो आहेत ना? मग आहेत तोवर पुढचं पुढे."

उत्तर पाठव. नाही म्हणायचं असेल तरी पाठव.

ओडेल क्रेंशॉ
(तुझे डॅडी)

—

२१ सप्टेंबर, गुरुवार

वेंडेल,

पत्र मिळालं नसेल असं धरून चालतो. इथली पोस्टातली मुलगी म्हणाली की शहरात जायला वेळ लागतो. मी विचारलं, किती? ती म्हणाली, "काका, ते मला माहीत असतं तर मी इथे बसले असते का?"

आज सहीचा गुरुवार होता. मीच डॉक्टरांना घेऊन जातो. त्यांची गाडी दुरुस्तीला गेलेली आहे. आता ते हाक मारायची वाट बघत पायरीवर बसलेले असतात, टोपी घालून, बॅग मांडीवर. ट्रकमध्ये बसल्यावर म्हणाले, "ओडेल, हा ट्रक आहे की तुझी दुसरी बायको? खाते किती आणि ओरडते किती!" मी म्हटलं, "डॉक्टर, पहिलीसुद्धा ओरडायची." ते खूप हसले. मग त्यांनी कापसाच्या गाडीत बाळंतपण केलं ती गोष्ट सांगितली. ती मजेची गोष्ट आहे. पुलापाशी पुन्हा सांगितली. टायरच्या दुकानाशी वळलो तेव्हा पुन्हा सुरू केली.

टायरचं दुकान म्हणजे आता ट्वायलाचा दवाखाना, हे तुला माहीतच आहे. तू आलास तेव्हा भिंतींना काळं लागलेलं होतं. आता मी सगळं पांढरं केलंय. चाकाच्या खुर्चीसाठी उतरण केली. आधी माझं माप चुकलं होतं. ट्वायलाने नियमाचं पुस्तक आणून दाखवलं, मग ती फोडून पुन्हा केली. जिथे टायर रचायचे तिथे आता मिस अर्लीन पाय पसरून बसते. साखरेच्या आजाराने झालेली तिच्या पायाची जखम तुला आठवते? भरत आली आहे. ट्वायलाने भरवली. मिस अर्लीनला दुसरा डॉक्टर म्हटला तर नदीच्या बांधाच्या पलीकडून मोठ्या रस्त्यापर्यंत जावं लागतं. तिला गाडी नाही आणि तिचा मुलगा तुरुंगात.

जे घराबाहेर पडू शकत नाहीत, त्यांना ट्वायला फोनच्या पडद्यावर बघते. आधी एकदा समोरासमोर बघून घेतलेलं असावं लागतं, तेही ती पाळते. उन्हाळ्यात तिला वाटलं, डॉक्टरांनाही हेलपाटा नको, तेही पडद्यावरच कागद वाचतील. तशी परवानगी आहे म्हणे. म्हणून त्यांच्या घरी तो पडदा लावून दिला. त्यात एका कोपऱ्यात आपलाच चेहरा दिसतो ना? डॉक्टर त्या चेहऱ्याला म्हणाले, "नमस्कार, डॉक्टर. तुम्ही फार दमलेले दिसता. घरी जा आणि झोपा." ट्वायला हसली. मीही हसलो. ते पहिल्यापासून मिश्कील आहेत. पण त्यानंतर मीच म्हटलं, त्यांना इथेच आणत जाऊ, त्यांनाही माणसं भेटतील.

सहीच्या वेळी मी त्यांच्या शेजारी बसतो. लोकांच्या आजाराचे कागद बाहेरच्याने बघायचे नाहीत, त्याचा वेगळा कायदा आहे. ट्वायला त्याबाबत कडक आहे. "डॅडी, डोळे वर!" म्हणून मी छताकडे बघतो आणि सहीची जागा कुठे ते बोटाने दाखवतो. सवयीने बरोबर जागी बोट जातं. डॉक्टरांचा चष्मा जुना झाला आहे, म्हणून दाखवावं लागतं.

जेवायला तळलेला मासा आणि भेंडी होती. डॉक्टर चवीने जेवले.

तुझं उत्तर आलं की मी ट्वायलाला सांगेन. तू हो म्हणालास तर महिन्यातून एकदा पडद्यावरूनही चालेल. तुला इथे यायची गरज नाही. मला भेटायची तर नाहीच नाही.

डॅडी

—

८ ऑक्टोबर, रविवार

वेंडेल,

आज चर्चला गेलो नाही. आधी हे लिहायचं होतं.

डॉक्टरांची गाडी दुरुस्तीला नाही. किल्ल्या माझ्याकडे आहेत. एप्रिलात ते दवाखान्याला निघाले आणि नदीकाठच्या बंद पडलेल्या हॉस्पिटलाच्या आवारात जाऊन बसले. ते हॉस्पिटल बंद होऊन किती वर्षं झाली तुला माहीत आहे. मी शोधत गेलो तेव्हा कोट घालून गाडीत बसले होते. मला म्हणाले, "ओडेल, आज राउंडला कोणी आलंच नाही." तेव्हा मी किल्ल्या काढून घेतल्या. ट्वायलाला सांगितलं की गिअर बिघडला.

परवाच्या गुरुवारी तर त्यांनी ट्वायलाकडे बघून विचारलं, "मार्गरेट, तू इथे काय करतेस? बरं नाही का तुला?" मार्गरेट त्यांची बायको, तुझ्या आईच्या आधी गेली. ट्वायला त्यांच्याजवळ सरकली, मार्गरेट झाल्यासारखी. मग म्हणाली, "मी बरी आहे हॉलिस. तू वाच." आणि कागद पुढे सरकवले. त्यांनी वाचले. म्हणजे डोळे फिरवले. मी छताकडे बघून बोट ठेवलं. त्यांनी सही केली. सही अजून सुंदर येते, वेंडेल. हाताला सगळं आठवतं.

परत येताना पुलावर म्हणाले, "ओडेल, एक विचारू? मी डॉक्टर आहे ना?"

मी म्हटलं, "आहात की. सर्टिफिकेट दवाखान्याच्या भिंतीवरच लावलंय."

"मग ठीक," म्हणाले.

आता तू डॉक्टर आहेस म्हणून तुला विचारतो. मी सहावीनंतर कापूस वेचायला गेलो, मला या गोष्टी कळत नाहीत. त्यांच्या सहीने कोणाचं काय बिघडतं? तपासते ट्वायला. औषध लिहिते ट्वायला. गेल्या महिन्यात ट्रॅक्टरवाल्याच्या छातीतली कळ पित्ताची नाही, हृदयाची आहे, हे ट्वायलाने ओळखलं आणि हेलिकॉप्टर बोलावलं. डॉक्टर टर्नबोंनी त्या कागदावर नंतर सही केली आणि मला म्हणाले, "मासा कधी आहे?" मग नजर कोणाची होती? तू ज्या नजरेबद्दल बोललास ती?

रागावू नकोस. मी भांडत नाही, मला खरंच कळत नाही.

ट्वायलाने गुपचूप दुसरीकडे चौकशी केली, ते मला उशिरा कळलं. सही भाड्याने देणाऱ्या कंपन्या आहेत. फोन केला की कुठलातरी न बघितलेला डॉक्टर मिळतो, दर महिन्याला पैसे भरायचे. आकडा ऐकून ट्वायला हसली. फोन ठेवल्यावरही हसत होती. मग संडासात गेली आणि बराच वेळ नळ चालू होता.

मी तुला सगळं सांगितलंय. ट्वायलाला वाटतं मला काही कळत नाही, आणि मीही तिला काही कळत नाही असं धरून चालतो. आम्ही दोघं दर गुरुवारी डॉक्टरांच्या दोन बाजूंना बसतो.

बाळा, सही दे. तू जे बोललास ते खरं होतं असं मी चारचौघांत म्हणेन. हवं तर त्या टेबलावरचं सगळं परत घेतो.

डॅडी

—

१७ ऑक्टोबर, मंगळवार

डॉक्टर वेंडेल क्रेंशॉ यांस,

काल फोन वाजला तेव्हा मी भांडी घासत होतो. तुझा आवाज ओळखला नाही. मी म्हटलं, आम्हाला काही विकत घ्यायचं नाही. तू म्हणालास, "डॅडी, मी आहे." मला खुर्ची ओढून बसावं लागलं.

मला वाटलं, हो म्हणायला फोन केलास.

फोनवर मला नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितो. तू जे म्हणालास ते मी रात्रभर पुन्हा पुन्हा मनात घोळवलं, आणि प्रत्येक वेळी ते तसंच निघतं.

तू म्हणालास, "तुम्ही हे मला कागदावर का लिहिलंत?"

मी म्हटलं, "मग कशावर लिहू?"

"डॅडी, एखादा डॉक्टर डोक्याने ठीक नाही आणि तरी काम करतोय, हे दुसऱ्या डॉक्टरला कळलं, तर त्याने राज्याच्या मेडिकल बोर्डाला कळवावंच लागतं. माझ्या लायसन्सची अट आहे ती. तुम्ही मला सगळं कळवून बसलात."

"मी तुला डॉक्टर म्हणून नाही लिहिलं. मुलगा म्हणून लिहिलं."

"पाकिटावर डॉक्टर लिहिलंय," तू म्हणालास.

तू हसलास की नाही ते कळलं नाही. मी हसलो नाही.

मी म्हटलं, पत्र जाळून टाक, मिळालंच नाही असं समज. तू म्हणालास, वाचलेलं जाळता येत नाही. मी म्हटलं, मग सही दे, तू सही दिलीस की टर्नबो आपोआप घरी बसतील, कोणाला काही कळवायला नको. मग तू म्हणालास, तुझ्या हॉस्पिटलाला विचारलं होतं, पहिलं पत्र आलं तेव्हाच. वकिलांनी नाही म्हटलं, तिथल्या नोकरीत बाहेरचे करार चालत नाहीत. म्हणजे तू विचारलंस. हे आधी कळवलं असतंस तर मी पुढचं लिहिलंच नसतं. नाही म्हणायचं असेल तरी उत्तर पाठव, असं मी लिहिलं होतं. होतं की नाही?

आणि तू असंही म्हणालास की परवानगी मिळाली असती तरी आमदारांसमोर तसं बोलून आता दोनशे मैलांवरून पडद्यात बघून सही कशी करणार. तुझं बरोबर असेल. तुम्हा सगळ्यांचं बरोबर असतं, ट्वायलाचं, तुझं, राज्याचं. माझ्या समोर मात्र मिस अर्लीनचा पाय आहे.

तू महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणालास. "त्यांनी स्वतःहून सोडलं तर त्यांची अब्रू राहील आणि ट्वायलावर बालंट येणार नाही. मी कळवलं तर चौकशी लागेल, आणि चौकशीत पहिला प्रश्न तिलाच विचारतील: तुला माहीत होतं का?"

म्हणजे मी त्या माणसाला जाऊन सांगायचं. ज्याने तुझ्या आईचे डोळे मिटले, त्याला सांगायचं की तुम्हाला आता काही आठवत नाही. आणि ते सांगितलेलंही त्यांना आठवणार नाही.

फोन ठेवताना तू विचारलंस, "पाय सुजतात का? रात्री धाप लागते का?" माझ्या पायांचं काही नाही. विषय बदलू नकोस.

ओ. क्रेंशॉ

—

३ नोव्हेंबर, शुक्रवार

वेंडेल,

तुला आता काही कळवावं लागणार नाही.

शेवटच्या दिवसापर्यंत मी टाळलं. रोज सकाळी त्यांच्याकडे जायचो, पेकानच्या झाडाखाली बसायचो, खाली पडलेले अक्रोडासारखे दाणे फोडायचो आणि परत यायचो. मंगळवारी गेलो तर दाढी केलेली, शर्ट नीट खोचलेला. मला बघताच म्हणाले, "ओडेल, तोंड असं का? कोण गेलं?" आवाज अगदी जुना, हॉस्पिटलातला. मला कळलं की आज ते पूर्ण भानावर, घरात आहेत. आज नाही सांगितलं तर पुन्हा कधी सापडतील कोण जाणे.

मी सांगितलं. सगळं. बंद हॉस्पिटल, किल्ल्या, मार्गरेट, बोट.

शेवटी त्यांनी विचारलं, "कधीपासून?"

"वसंतापासून. कदाचित आधीपासून."

"आणि दर वेळी तू बोट ठेवत होतास?"

"हो."

"छताकडे बघून?"

"कायदा आहे ना, डॉक्टर."

मग ते हसले, वेंडेल, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "जिनवर आयुष्य फुकट घालवलंस. फार चांगला कंपाउंडर झाला असतास." मग डोळे पुसून म्हणाले, "त्या मुलीने माझ्या सहीखाली काही चूक केली?"

"एकही नाही."

"मला माहीत आहे. मीच शिकवलंय तिला. पण उद्या चूक झाली तर माझी सही सांगेल की मी बघितलं होतं. आणि मी बघितलेलं नसेल." त्यांनी हात पुढे केला. "फोन दे. मलाच सांगू दे, अजून सांगता येतंय तोवर."

मी म्हटलं, "डॉक्टर, ट्वायलाचा दवाखाना..."

"तुला काय वाटतं, मला ते कळत नाही? लाव फोन."

मी बोर्डाचा नंबर लावला. मशीन बोललं, हे हवं तर एक दाबा, ते हवं तर दोन. हवं ते मी दाबलं. मग वाजवायला लागले ते संगीत. त्यांनी फोन कानाशी धरला होता, पाठ ताठ. मशीन मधूनमधून सांगत होतं, तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. डॉक्टर म्हणाले, "ऐकलंस? महत्त्वाचा आहे." पहिल्यांदा हसले. दुसऱ्यांदा तेच वाक्य आलं तेव्हा नुसती मान हलवली. नंतर ते झाडाकडे बघायला लागले. पायाने ताल धरला. संगीत चालूच होतं. त्यांचे खांदे हळूहळू खाली आले आणि मला दिसत होतं, वेंडेल, शेजारी बसून दिसत होतं, की ते चाललेत. मी "डॉक्टर" म्हटलं. "अं?" म्हणाले, गोड हसून. "छान वाजवतोय हा."

तेवढ्यात फोनवर बाई आली. मला शेजारी बसूनही ऐकू येत होती. "बोला, मी तुमच्यासाठी काय करू शकते?"

डॉक्टरांनी फोन कानापासून जरा लांब केला आणि माझ्याकडे बघितलं. हळूच विचारलं, तिला ऐकू जाऊ नये असं: "ओडेल, कोण आहे? मी हिला काय सांगणार होतो?"

मी काहीही सांगू शकलो असतो. "चुकून लागला," म्हटलं असतं तर त्यांनी माफी मागून फोन ठेवला असता. त्यांना कधीच आठवलं नसतं. तुझी मुदत होती, मला माहीत आहे. पण त्या वेळी तुझी मुदत डोक्यात नव्हती. त्या वेळी मिस अर्लीन होती, तो ट्रॅक्टरवाला होता, ट्वायला होती. सगळे माझ्या जिभेवर बसले होते.

पण ज्या माणसाने मला हात पुढे करून फोन मागितला, तो हे काम माझ्यावर टाकून गेला होता ना.

मी म्हटलं, "तुम्हाला तिला सांगायचंय की तुम्ही आता सही करणार नाही. डॉक्टरकी सोडताय."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की... ते मला लिहिता येत नाही. "असं मी म्हणालो?"

"हो, डॉक्टर."

"शुद्धीत होतो?"

"पूर्ण शुद्धीत."

मग त्यांनी फोन कानाला लावला आणि जशाचं तसं सांगितलं. बाई चांगली होती. म्हणाली, कागद पोस्टाने येतील, पण नर्सबरोबरचा करार आजपासून संपला अशी नोंद करते. तिने तारीख विचारली. त्यांनी पुन्हा माझ्याकडे बघितलं. मी तारीख सांगितली.

फोन ठेवल्यावर विचारलं, "कोणाचा होता?" मी म्हटलं, बोर्डाचा. "काय म्हणत होते?" तुमचे आभार मानत होते, म्हटलं. एवढं खोटं मी बोललो.

तिथून थेट दवाखान्यात गेलो. ट्वायला एका म्हाताऱ्याचं औषध लिहीत होती. मी दारातूनच म्हटलं, "थांब." तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पेन खाली ठेवलं. म्हाताऱ्याला म्हणाली, "मिस्टर डूली, हे तुम्हाला आता मला देता येणार नाही. मोठ्या रस्त्यावरच्या दवाखान्यात जावं लागेल." तो म्हणाला, "का ग, मी काय केलं?"

तो गेल्यावर तिने पाटी उलटी केली आणि आतून कडी लावली. मी सगळं सांगितलं. फोनवर काय झालं तेही. मला वाटलं, ती रडेल, नाहीतर म्हणेल, बरं केलंत डॅडी. तुझी बहीण किती काटेकोर आहे तुला माहीत आहे. एक इंच जास्त झाली म्हणून तिने माझ्याकडून उतरण फोडून घेतली होती.

ती म्हणाली, "त्यांनी तुम्हाला विचारलं? मी काय सांगणार होतो म्हणून?"

"हो."

"आणि बाई फोनवर थांबली होती?"

"हो."

"मी असते तर फोन ठेवला असता, डॅडी."

मग ती म्हणाली, "मला मार्चपासून माहीत आहे. मला वाटलं, तुम्हाला कळलं तर तुम्हाला झोप लागणार नाही."

ती कपाटातलं सामान मोजायला लागली आणि अर्ध्यावर सोडून माझ्याशेजारी येऊन बसली, डॉक्टरांच्या त्या मधल्या खुर्चीत. एवढ्यात उतरणीवर काठीचा आवाज आला. टक, टक. मिस अर्लीन. मंगळवार तिची पट्टी बदलण्याचा. तिने दार ढकललं. मग ठोठावलं.

"ट्वायला? अग, डॅडींचा ट्रक उभा आहे बाहेर. आत आहेस ना?"

ट्वायलाने माझा हात धरला. मी उठायला लागलो तर तिने घट्ट धरून खाली बसवलं. दार उघडलं की मिस अर्लीनला नाही म्हणावं लागलं असतं, आणि ट्वायलाला ते जमणार नव्हतं.

"पाय ठणकतोय ग. कालपासून पाणी येतंय त्यातून." काठी दारावर वाजली. "मी थांबते. माझी काही घाई नाही."

ती उतरणीच्या कठड्याला टेकून बसली. काचेतून तिची टोपी दिसत होती. ती कोणतंतरी चर्चचं गाणं गुणगुणत होती. आम्ही आत बसलो होतो, दिवा न लावता, श्वास धरून, चोरांसारखे, आणि ती बाहेर थांबली होती.

डॅडी